राजूरच्या राजानं टाकून दिलेलं मूल

अंगारकी चतुर्थीच्या आदल्या रात्री जालन्याहून भोकरदनकडे जाणारा रस्ता माणसांनी भरून जातो. सळईच्या कारखान्यातून पाळी संपवून निघालेले कामगार, मोंढ्यातले हमाल, कॉलेजची पोरं, लेकरू खांद्यावर घेतलेले बाप, नवस फेडायला अनवाणी निघालेल्या बाया, सगळे राजूरच्या वाटेला लागलेले. ठिकठिकाणी चहा, केळी आणि साबुदाण्याची खिचडी वाटणारे मंडप. गणपतीच्या साडेतीन पीठांत राजूरचं नाव घेतलं जातं आणि पहाटे टेकडीवर लागलेली दर्शनाची रांग पाहिली की त्या मानाला वेगळा पुरावा लागत नाही.

या टेकडीला एक कथा आहे. गणेशपुराणाच्या क्रीडाखंडात ती येते. वरेण्य नावाचा राजा, पुष्पिका त्याची राणी. बाळंतपणाच्या रात्री राणीच्या कुशीतलं मूल नाहीसं होतं आणि शिवाच्या आज्ञेनं तिथं गजाननाला आणून ठेवलं जातं. पहाटे राणी डोळे उघडते तर शेजारी हत्तीच्या तोंडाचं, चार हातांचं बाळ. महालात आरडाओरडा होतो. अपशकुन, अरिष्ट, कुळाला डाग. राजा हुकूम सोडतो: हे मूल रानात टाकून या. त्याप्रमाणे मूल टाकलं जातं. पुढे पराशर ऋषींना ते सापडतं, त्यांच्या आश्रमात ते वाढतं, मोठं होऊन सिंदूरासुराला मारतं आणि त्याच्या रक्तानं अंग माखल्यामुळे शेंदरी होतं. वरेण्याला कळतं, की आपण रानात टाकलेलं पोर ते हेच. तो येऊन पाया पडतो, रडतो. आणि ज्याला जन्मताच टाकून दिलं, तो मुलगा बापाला उपदेश करतो. तीच गणेशगीता, अकरा अध्यायांची. राजूर म्हणजे त्या वरेण्याचं राजसदन, असं परंपरा सांगते.

या कथेला आज दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, हे खरंच घडलं का आणि घडलं तर कधी? दुसरा, हे सगळं प्रतीक आहे ना, मग वरेण्य म्हणजे कोण आणि सिंदूर म्हणजे काय? पहिला प्रश्न विचारणारे पुरावे मागतात किंवा पुरावे आणून देतो म्हणतात. दुसरा विचारणारे प्रवचनाच्या आसनावर बसलेले असतात. वरेण्य म्हणजे जीव, सिंदूर म्हणजे अहंकार, गजानन म्हणजे आत्मबोध. ऐकायला गोड, पटायलाही सोपं. पण एका बापानं चेहरा पाहून पोटचं समजलेलं मूल रानात टाकायला लावलं, ही गोष्ट या दोन्ही प्रश्नांच्या मधून निसटते. पुराणकथांच्या वादात मराठी समाजाचं सगळ्यात मोठं नुकसान इथं होतं आहे.

प्रतीकाची वाट परकी नाही, आधुनिकही नाही. गोदेच्या खोऱ्यात ती फार जुनी आहे. १२९० साली नेवाशात सांगितलेल्या ज्ञानेश्वरीची सुरुवातच गणपतीला अक्षरांचा देह देऊन होते. वेद ही त्याची मूर्ती, स्मृती हे अवयव, पुराणं हे अलंकार, सहा दर्शनं हे सहा हात. त्यानंतर तीनशे वर्षांनी पैठणच्या एकनाथांनी भावार्थ रामायण लिहायला घेतलं. त्यात दशरथ म्हणजे दहा इंद्रियं, कौसल्या म्हणजे सद्विद्या, कैकेयी म्हणजे अविद्या आणि तिच्या कानाशी लागलेली मंथरा म्हणजे कुविद्या. ज्या भाविकांनी हे ऐकलं, त्यांना रामायण खोटं आहे असं क्षणभरही वाटलं नाही. कथा कथेच्या जागी राहिली, अर्थ अर्थाच्या जागी. श्रावणात गावोगाव रामविजय किंवा पांडवप्रताप लावला जातो, तेव्हा अजूनही तेच चालतं. एक जण ओवी वाचतो, दुसरा अर्थ सांगतो. ऐकणाऱ्या बाया वाती वळता वळता मध्येच विचारतात, "मग त्या सीतामाईनं काय म्हणावं?" प्रश्न सीतेविषयी असतो. सीता कशाचं प्रतीक, हे तिथं कुणी विचारत नाही.

कोपरगावच्या घराण्यातला एक पंडित सतराव्या शतकात काशीला जाऊन बसला. नीळकंठ चतुर्धर त्याचं नाव. महाभारतावरची त्याची भारतभावदीप ही टीका उत्तर भारतात इतकी चालली, की पुढच्या कित्येक छापील प्रती तिच्याच आधारानं निघाल्या. महाभारतातल्या प्रसंगांच्या पोटी अद्वैत वेदान्त शोधणं हा या माणसाचा ध्यास. ऋग्वेदाच्या ऋचांमध्येच रामकथा आणि कृष्णकथा दडलेली आहे, हे दाखवायला त्यानं मंत्ररामायण आणि मंत्रभागवत असे दोन ग्रंथ रचले. राजूरच्या गणेशगीतेवरही त्याचीच टीका आहे, गणपतिभावदीपिका. बुद्धी अफाट, श्रम अफाट. पण ही वाट शेवटपर्यंत चालत गेलं, की कथेतली माणसं पातळ होत जातात आणि उरतात ती तत्त्वं. तत्त्वाला जखम होत नाही. म्हणून प्रतीकाच्या या सोयीचा कधी कधी गैरफायदाही घेतला जातो. एकलव्याच्या अंगठ्याचा विषय निघाला, की कुणीतरी लगेच सांगतो, अंगठा म्हणजे अहंकार. शंबुकाचा निघाला, की तप म्हणजे तमोगुण. प्रश्न विचारणारा गप्प होतो आणि प्रश्न तिथंच राहतो.

दुसऱ्या टोकाला तारखा मांडणारे आहेत. पुण्याचे डॉ. प. वि. वर्तक यांनी 'वास्तव रामायण' लिहून रामजन्माची तारीख काढली, इसवी सनापूर्वी ७३२३ मधला ४ डिसेंबर. पुष्कर भटनागर यांनी तारांगणाच्या संगणकप्रणालीवर तेच गणित मांडलं आणि २००४ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात तारीख दिली, इसवी सनापूर्वी ५११४ मधला १० जानेवारी. दोघांचाही आधार वाल्मीकींच्या श्लोकांतली ग्रहस्थिती, दोघांचीही श्रद्धा निखळ आणि दोन उत्तरांत अंतर बावीसशे वर्षांहून अधिक. या अंतरात सातवाहनांपासून आजपर्यंतचा अख्खा महाराष्ट्र मावतो. रामावर ज्यांचं मन आहे, त्यांच्या भक्तीला या आकड्यांनी काही मिळत नाही. उलट, देवाला पंचांगाच्या साक्षीदाराचा आधार लागतो, असा समज मात्र पसरतो.

तरीही पुराणांचा इतिहासाशी काही संबंध नाही म्हणून हात झटकणं चुकीचं आहे. राजूरच्याच तालुक्याचं गाव त्याला साक्ष आहे.

मार्कंडेय पुराणाच्या भूगोलाच्या अध्यायात दक्षिणेकडच्या लोकांची यादी येते. त्यात अश्मकांच्या शेजारी भोगवर्धन हे नाव आहे. कथा नाही, चमत्कार नाही, नुसतं एका ओळीतलं नाव. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत हेच गाव, म्हणजे आजचं भोकरदन, पुन्हा भेटतं, कारण इथल्या माणसांनी तिथं दगड घडवायला पैसे दिले होते. १९७३ साली नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून केळणा नदीकाठच्या भोकरदनला उत्खनन केलं. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी त्याचा अहवाल दुसऱ्या वर्षी काढला. सातवाहनकाळातली मोठी, सुखवस्तू पेठ मातीखालून वर आली. तिथं मिळालेली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती तर थेट इटलीतल्या पाँपेईशी नातं सांगते. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत गाडल्या गेलेल्या त्या शहरात १९३८ साली जी भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली, तिचं भोकरदनच्या मूर्तीशी असलेलं साम्य अभ्यासकांच्या नजरेत भरलं. अंगभर दागिने, बाजूला सेविका, तीच घडण. पाँपेईतली मूर्ती याच भागात घडली असावी, असं काहींना वाटतं.

म्हणजे पुराणानं जपलेल्या एका नावाला सांचीचा शिलालेख मिळाला, मग कुदळ-फावडं मिळालं आणि भोगवर्धन इतिहासात बसलं. सातवाहन राजांच्या वंशावळीही मत्स्य आणि वायू पुराणांतच टिकल्या. नाणी आणि लेख यांच्याशी त्या ताडून पाहताना वा. वि. मिराशींसारख्या संशोधकांनी पुराणांचा आधार घेतला आणि जिथं नावं किंवा राजवटींची वर्षं जुळली नाहीत, तिथं तसंही सांगितलं. पुराणं इतिहासाला मदत करतात ती अशी, तपशिलात. पुराणात भोगवर्धन खरं निघालं म्हणून त्याच पोथीतला प्रत्येक असुर खरा ठरत नाही. आणि असुर सिद्ध झाला नाही म्हणून भोगवर्धन खोटं होत नाही.

अंबडला हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं समोर येतो. टेकडीचा आकार माशासारखा, म्हणून वरची देवी मत्स्योदरी. गाव वसवलं अंबऋषी नावाच्या राजानं आणि राज्याला कंटाळून तो जवळच्या डोंगरातल्या गुहेत जाऊन राहिला, असं गावकरी सांगतात. याच गावात अहिल्याबाई होळकरांनी खंडोबाचं देऊळ बांधलं, ते मात्र अठराव्या शतकातलं, नोंदीतलं. अंबऋषी आणि अहिल्याबाई हे दोघेही अंबडकरांच्या तोंडी एका दमात येतात. खुद्द जालन्याचीही तीच तऱ्हा. इथं रामाचा वाडा होता, सीता इथं राहिली, म्हणून हे जनकपूर, अशी आख्यायिका आणि पुढे एका धनाढ्य, दानशूर मुसलमान विणकरामुळे गावाचं नाव बदललं ही दुसरी आख्यायिका, या दोन्ही जुन्या गॅझेटिअरात शेजारी शेजारी छापलेल्या आहेत. दोन्हींपैकी एकीलाही लेखाचा आधार नाही. पण एका गावानं आपला मान एकीकडे सीतेकडून आणि दुसरीकडे एका विणकराकडून घेतला, ही गोष्ट त्या गावाच्या स्वभावाविषयी बरंच काही सांगून जाते.

घनसावंगी तालुक्यातलं जांब तर या सगळ्या चर्चेला हाताशी असलेलं उदाहरण. इथं १६०८ साली रामनवमीला नारायण सूर्याजीपंत ठोसर जन्मले, पुढे समर्थ रामदास झाले. चारशे वर्षं म्हणजे इतिहासाच्या मानानं कालपरवा. त्यांचे ग्रंथ आहेत, शिष्यांची पत्रं आहेत, सनदा आहेत, शके १६०३ च्या माघ वद्य नवमीला सज्जनगडावर झालेल्या देहत्यागाची तिथी आहे. तरी त्यांच्या चरित्राभोवती कथा उगवल्याच. मारुतीचा अवतार, भर मांडवात 'सावधान' ऐकून पळालेला नवरदेव, अंगापूरच्या डोहातून वर आलेली राममूर्ती. शिवाजी महाराजांची आणि समर्थांची पहिली भेट १६४९ ची की १६७२ ची, यावर गेल्या शतकात केवढं रण माजलं. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव एका बाजूला, प्राचार्य गो. चिं. भाटे दुसऱ्या बाजूला. शिष्यांची पत्रं आणि बखरींच्या तारखा यांवर हा वाद लढला गेला आणि वाद करण्याची योग्य रीतही तीच होती. ज्या माणसाचं स्वतःचं हस्ताक्षर दाखवता येतं, त्याच्याही आयुष्यात चार शतकांत इतकं मिसळलं असेल, तर रामाच्या आणि वरेण्याच्या कथेत किती मिसळलं असेल, याचा अंदाज जांबच्या पारावर बसूनही करता येतो.

समर्थांनी स्वतः रामकथा कशी हाताळली, तेही पाहण्यासारखं आहे. रामायणातली सुंदरकांड आणि युद्धकांड ही कांडं त्यांनी प्रामुख्यानं निवडली. रावणाच्या बंदीतल्या देवांची सुटका हा त्यांच्या मनातला गाभा. सतराव्या शतकातल्या वाचकाला त्या बंदिशाळेचा अर्थ समजावून सांगावा लागत नव्हता, तो आपल्या डोळ्यांनी देवळांची आणि गावांची अवस्था पाहत होता. इथं रामायण जुन्या काळाची हकिगत म्हणून आलं नाही आणि मनोविकारांचं रूपक म्हणूनही आलं नाही. समर्थांनी ते आपल्या काळाकडे पाहायला वापरलं.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये जांबच्या राममंदिरातल्या जुन्या मूर्ती चोरीला गेल्या. समर्थांच्या घराण्यात पूजेत असलेल्या म्हणून गावाला जिवापलीकडे प्रिय असलेल्या त्या मूर्ती. विधिमंडळापर्यंत आवाज गेला. ऑक्टोबरात पोलिसांनी छडा लावला आणि मूर्ती परत मिळाल्या. त्या दोन महिन्यांत गावातल्या कुणी असं म्हटलं नसेल, की राम तर आत्मस्वरूप, धातूची मूर्ती गेली म्हणून काय बिघडलं. कुणी असंही म्हटलं नसेल, की आधी या मूर्ती नेमक्या कोणत्या शतकातल्या हे ठरवा, मग रडू. दुःख थेट होतं. आपल्या घरातलं कुणी हरवावं तसं गाव हवालदिल झालं होतं. भक्ती खऱ्याखुऱ्या गोष्टींना धरून असते. हे समजून घेतलं नाही, तर पुराणकथांवर लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या शहाण्यांची निम्मी मेहनत वाया जाते.

मराठीत एक तिसरी परंपराही आहे आणि तिच्याविषयी पुरेसं अभिमानानं बोललं जात नाही. कथेतल्या माणसानं कथेतल्या दुसऱ्या माणसाशी काय केलं, असं विचारणाऱ्यांची ही परंपरा. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'त दशावतार उलटे करून वाचले. वामनाच्या तीन पावलांत त्यांना बळीराजाची फसवणूक दिसली, शेतकऱ्यांच्या राजाचं राज्य हिरावून घेणं दिसलं. फुल्यांनी मांडलेला आर्यांच्या स्वाऱ्यांचा इतिहास आजच्या पुरातत्त्वाला जसाच्या तसा मान्य होणार नाही. पण दिवाळीच्या पाडव्याला मराठवाड्यातली मायमाउली 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणत ओवाळते, त्या शब्दांत बळीच्या बाजूनं उभं राहिलेलं मन आहे. पुराणात जिंकलेला वामन आणि अंगणात आठवला जाणारा बळी, या दोघांमधली ही तफावत फुल्यांनी ओळखली आणि तिला तोंड दिलं.

इरावती कर्व्यांचं 'युगान्त' १९६७ चं. खांडववन जाळलं गेलं तेव्हा आत कोण होतं, हा प्रश्न त्यांनी विचारला. पांडवांना जमीन हवी होती, कृष्ण आणि अर्जुन दोन बाजूंनी उभे राहिले आणि बाहेर पळणाऱ्या जिवांना पुन्हा आगीत लोटलं गेलं. अग्नीची भूक म्हणजे अमुक तत्त्व, असं म्हणून त्या पुढे गेल्या नाहीत. गांधारी, कुंती, द्रौपदी यांच्याकडेही त्यांनी हाडामांसाच्या बायका म्हणूनच पाहिलं. त्यामुळे महाभारताची थोरवी तिळभरही कमी झाली नाही. उलट ज्यांनी पूर्वी पोथी उघडली नव्हती, अशा हजारो वाचकांनी ती उघडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'रिडल्स इन हिंदुइझम'मधल्या राम-कृष्णांवरच्या परिशिष्टावरून १९८७-८८ साली महाराष्ट्रात मोर्चे-प्रतिमोर्चे निघाले. त्यातली भाषा धारदार आहे, भाविकाला ती बोचते. पण त्या परिशिष्टातले प्रश्नही आचरणाचेच आहेत: वालीला आडून का मारलं, शंबुकाला का मारलं, सीतेला का टाकलं. 'हे सगळं रूपक आहे' हे त्या प्रश्नांचं उत्तर होऊ शकत नाही. गावच्या पारायणात बाया हेच प्रश्न हळू आवाजात विचारतात.

गीतेवरून टिळक आणि गांधी यांच्यात जे अंतर पडलं, तेही या उजेडात पाहावं. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेलं 'गीतारहस्य' अर्जुनाला रणातून हलू देत नाही. समोर सैन्य आहे, कर्तव्य आहे, लढायचं आहे. गांधींनी 'अनासक्तियोगा'त युद्धच माणसाच्या हृदयात नेलं; कौरव-पांडव म्हणजे आतल्या दुष्ट आणि सुष्ट वृत्ती. दोघेही प्रामाणिक, दोघांनीही गीता जगून दाखवली. पण दोघांच्याही वाचनात एक जण मागे पडतो: समोर आजोबा आणि गुरू पाहून ज्याचं तोंड कोरडं पडलं, ज्याच्या हातून धनुष्य गळालं, तो अर्जुन. त्याची थरथर गांभीर्यानं घेतली नाही, तर पुढच्या सतरा अध्यायांची गरजच काय?

पुराव्याची कडक शिस्त आणि अर्थाची ओढ एकाच माणसात नांदू शकतात, हे वि. सी. सुकथनकरांनी दाखवून दिलं. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं. ते १९६६ साली संपलं तोवर १,२५९ हस्तलिखितं तपासून झाली होती. १९२५ पासून १९४३ साली मृत्यू येईपर्यंत या कामाचे मुख्य संपादक सुकथनकर होते. व्यासांनी सांगावं आणि गणपतीनं लिहून घ्यावं, ही घराघरात माहीत असलेली कथा त्यांनी मूळ संहितेतून काढून परिशिष्टात टाकली, कारण हस्तलिखितांची साक्ष तिच्या बाजूनं नव्हती. तेच सुकथनकर १९४२ साली मुंबईत महाभारताच्या अर्थावर व्याख्यानं द्यायला उभे राहिले आणि व्यवहाराची, धर्माची आणि अध्यात्माची अशा तीन पातळ्यांवर ते महाकाव्य कसं बोलतं, ते सांगू लागले. शेवटचं व्याख्यान व्हायच्या आधीच ते गेले. लेखनिक गणपती परिशिष्टात गेला म्हणून राजूरची वारी थांबली नाही, थांबायचं कारणही नव्हतं.

यावर भाविकांचा एक आक्षेप येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. देवांच्या कथेला माणसांचे कायदे का लावायचे? लीला ती लीला. या आक्षेपामागची तळमळ खरी आहे. पण पोथी स्वतः काय करते ते पाहावं. गणेशपुराणात वरेण्य पश्चात्तापानं पोळतो. ते मूल देव होतं म्हणून टाकल्याचं पाप उरलं नाही, असं पुराण म्हणत नाही. पुराणाला बापाच्या डोळ्यांतलं पाणी महत्त्वाचं वाटलं, म्हणून तर ज्ञान सांगण्याआधी ते पाणी येतं. माणसाचा नियम कथेला बाहेरून लावावा लागत नाही, कथेच्या रचनेतच तो आहे.

आणि जालना जिल्ह्यात ही कथा पोथीत बंद ठेवणं परवडणारं नाही. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटातल्या दर हजार मुलांमागे मुली ८७० होत्या. शेजारच्या बीडमध्ये ८०७. चेहरा नको, अंग नको, जात नको, मुलगी नको म्हणून नाकारलेल्या मुलांची कथा वरेण्याच्या टेकडीवर सांगायची नाही, तर कुठं सांगायची? अंगारकीच्या रात्री लाखभर कान उघडे असतात. त्या रात्री कीर्तनकारानं सिंदूर म्हणजे अहंकार एवढं सांगून थांबू नये. राजानं कुणाच्या सांगण्यावरून मूल टाकलं, राणीला कुणी विचारलं का, पराशरांनी ते का उचललं, हे सांगावं. अपंग लेकराला घेऊन पायी आलेली आई त्या गर्दीत कुठंतरी असतेच.

कथा, नोंद आणि अर्थ यांचा गुंता कसा सोडवायचा, याचा धडाही बाहेरून आणायची गरज नाही. भोकरदन तालुक्यातच अजिंठ्याच्या डोंगररांगेत जयदेववाडीला जाळीचा देव आहे, महानुभावांचं मोठं स्थान. चक्रधरस्वामी तिथल्या जाळीत वाघाच्या बछड्यांशी खेळले, असं पंथाची आठवण सांगते. या आठवणी ज्यानं गोळा केल्या तो म्हाइंभट तेराव्या शतकाच्या अखेरीस गावोगाव हिंडला. स्वामींना पाहिलेल्या, त्यांच्याशी बोललेल्या माणसांना त्यानं गाठलं आणि कोणत्या ठिकाणी काय घडलं, कुणाशी काय बोलणं झालं, ते विचारून घेतलं. त्यातून लीळाचरित्र उभं राहिलं, मराठीतला पहिला गद्य ग्रंथ. पुढे स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली आणि शिष्यांच्या पाठांतरातून पुन्हा लिहावी लागली, तेव्हा एकाच लीळेच्या वेगवेगळ्या आठवणी समोर आल्या. त्या पुसून एकसारख्या केल्या गेल्या नाहीत. या जाणत्याचा पाठ असा, त्या जाणत्याचा तसा, हे ग्रंथात तसंच राहू दिलं. ज्या स्थानांवर स्वामी राहिले, बसले, जेवले, त्यांची वेगळी स्थानपोथीही झाली. स्वामींना परमेश्वर मानणाऱ्या माणसांनीच सातशे वर्षांपूर्वी साक्षीदारांतला मतभेद लपवला नाही.

हेच काम आज जिल्ह्यात व्हायला हवं आणि ते फार खर्चाचं नाही. राजूर, अंबड, जांब, जाळीचा देव, शहागडपासून खाली गोदाकाठची लहानमोठी देवळं. प्रत्येक ठिकाणची कथा तिथल्या पुजाऱ्याच्या, गुरवाच्या, पोथी लावणाऱ्याच्या आणि ओव्या गाणाऱ्या म्हाताऱ्यांच्या तोंडून नोंदवून घ्यावी. एका कथेची चार रूपं मिळाली तर चारही लिहावीत. देवळाचा दगड, शिलालेख, सनद, महसुली दप्तर जे काही सापडेल ते कथेशेजारी वेगळं मांडावं, एकमेकांत कालवू नये. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातल्या मराठी आणि इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांना एका उन्हाळी सुटीसाठी वही आणि रेकॉर्डर देऊन पाठवलं तरी सुरुवात होईल. देवस्थानांच्या विश्वस्तांनी विद्यार्थ्यांना राहायला खोली आणि दोन वेळचं जेवण द्यावं, एवढं त्यांना सहज जमण्यासारखं आहे. घाई एवढ्यासाठी, की या कथा ज्यांना चालीसकट, पाठभेदांसकट येतात ती पिढी आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे आणि दर पावसाळ्यात तिच्यातली काही माणसं गळतात.